विश्लेषण : भाड्याच्या घरात पेस्ट कंट्रोल कुणी करायचे? आणि घरात मांजर असेल तर?

‘उद्या सकाळी ११ वाजता पेस्ट कंट्रोलवाला येईल, घर उघडे ठेवा.’ घरमालकाकडून आलेला एवढासा व्हॉट्सॲप निरोप अनेक भाडेकरूंसाठी भांडणाची सुरुवात ठरतो. भाडेकरूच्या घरात मांजर असते, खिडकीत लव्हबर्ड्सचा पिंजरा असतो किंवा टीव्हीशेजारी माशांची टाकी असते. मालकाच्या डोळ्यांसमोर वाळवीने पोखरलेली कपाटे असतात. खर्च कुणी करायचा यावर दोघे आठवडाभर वाद घालतात; पण फवारणार काय, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भाड्याची घरे आणि घरातले प्राणी दोन्ही वाढत असताना या वादात कायदा कुठे उभा आहे आणि प्राण्याचा जीव कशावर अवलंबून आहे, याचा हा आढावा.

वाद नेमका कशावरून पेटतो?

बहुतेक भांडणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात भाडेकरू तक्रार करतो, मालक दुर्लक्ष करतो. स्वयंपाकघरात झुरळे, गादीत ढेकूण, छताच्या पोकळीत उंदीर. मालकाचे उत्तर ठरलेले असते, ‘आम्ही राहत होतो तेव्हा एकही नव्हते.’ दुसऱ्या प्रकारात उलटे घडते. मालकाला फवारणी करायची असते, भाडेकरू प्राण्याचे कारण सांगून तारीख पुढे ढकलत राहतो. तोवर ढेकूण भिंतीतल्या वायरिंगच्या नळीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये पोहोचलेले असतात आणि सोसायटीचे सचिव दोघांनाही पत्र लिहितात. यात दरवेळी मालकच दोषी असतो असे नाही. प्राण्याच्या काळजीपोटी फवारणी कायमची टाळणारा भाडेकरूही चुकतोच.

या दोन्हींपेक्षा गंभीर प्रकार तिसरा. भाडेकरू कामावर गेलेला असताना मालक आपल्याकडच्या किल्लीने घर उघडतो, फवारणी उरकून घेतो आणि संध्याकाळी भाडेकरूला घरी मांजर थरथरताना सापडते.

कीटक आले कुठून, हे ठरवता येते का?

बऱ्याच अंशी येते. ‘घाणेरडे राहता म्हणून झाले’ या आरोपापेक्षा कीटकाची जात अधिक खरे सांगते. वाळवी जमिनीतून, पायातून, भिंतींच्या भेगांतून येते. दहा-अकरा महिन्यांसाठी राहायला आलेल्या माणसाच्या सवयींशी तिचा संबंध जवळपास नसतो. ती इमारतीची आणि म्हणून मालकाची वा सोसायटीची बाब आहे. मोठे, तांबूस, रात्री मोरीतून वर येणारे झुरळ सांडपाण्याच्या वाहिन्यांत आणि चेंबरमध्ये वाढते. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सांडपाणी वाहिन्यांची देखभाल सोसायटीकडे असते. त्यामुळे इथे मालक आणि भाडेकरू या दोघांनी एकमेकांना नव्हे, तर व्यवस्थापन समितीला पत्र लिहायला हवे. डक्ट साफ न करता एकाच फ्लॅटमध्ये दर दोन महिन्यांनी फवारणी करून घेणे म्हणजे पैसेही वाया आणि विषही वाया.

लहान, फिकट तपकिरी, पाठीवर दोन गडद पट्टे असलेले झुरळ वेगळे. ते किराणा मालाच्या खोक्यांतून, जुन्या मिक्सर-फ्रिजमधून घरात शिरते आणि कपाटाच्या बिजागऱ्यांत राहते. ते कुणी आणले हे सिद्ध करणे कठीण; पण घराचा ताबा घेताना काढलेले फोटो असतील तर निदान ते आधीपासून होते की नाही हे कळते. ढेकूण सामानातून, प्रवासातल्या बॅगांतून, विकत घेतलेल्या जुन्या पलंगातून येतो. त्याचा स्वच्छतेशी संबंध नाही. तो रक्त न पिता अनेक आठवडे, काही वेळा महिनोन् महिने तग धरतो, त्यामुळे आधीचा भाडेकरू जाऊन दोन महिने घर रिकामे होते हा मालकाचा दावा निर्णायक ठरत नाही. भाडेकरूचा पलंग मालकाचा की स्वतःचा, हा प्रश्न इथे अधिक उपयोगी आहे.

गोचीड मात्र भाडेकरूला अडचणीत आणते. कुत्र्याच्या अंगावरची रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे हजारोंच्या संख्येने अंडी घालते. कुत्रा आणि भाडेकरू निघून गेल्यावर त्यातून पिल्ले बाहेर येतात आणि नव्या भाडेकरूच्या पहिल्याच आठवड्यात मालकाचा फोन वाजतो. घर सोडताना गोचिडांसाठी उपचार करून त्याची पावती देण्याची मागणी मालकाने केली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

भाडे कायदा काय सांगतो?

पेस्ट कंट्रोलबद्दल नेमके असे काहीच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. वाळवीने खाल्लेली चौकट ही दुरुस्ती आहे हे सहज पटते. झुरळांसाठी लावलेले जेल ही ‘दुरुस्ती’ ठरते का, यावर मात्र वाद घालता येतो.

त्यातही एक मेख आहे. हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. आज मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकमध्ये भाड्याने दिली जाणारी बहुसंख्य घरे लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. बोलीभाषेत आपण त्यांनाही भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ते लायसन्सी. पागडीच्या चाळीतल्या भाडेकरूला कलम १४ चा जो थेट आधार आहे, तो ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला तसाच मिळेल असे गृहीत धरू नये. त्याच्यासाठी करारात जे लिहिले आहे तेच प्रमाण. आणि छापील नमुन्यात असते काय, तर घर आहे त्या स्थितीत ठेवावे, नुकसान झाल्यास भरून द्यावे, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देऊ नये. कीटकांचा उल्लेख नसतो. ‘उपद्रव’ हा शब्द प्राण्याला उद्देशून वापरला जातो, झुरळांना नव्हे.

केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा याबाबत अधिक तपशिलात जातो. हा केवळ नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तरीही त्याची दुसरी अनुसूची वाचण्यासारखी आहे. रचनात्मक दुरुस्ती, रंगरंगोटी, नळाच्या पाइपांची आणि वायरिंगची दुरुस्ती मालकाकडे. नळाचे वॉशर, गटाराची सफाई, गीझर, कुलपे, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. माश्या-डासांना अडवणारी जाळी बदलण्याची जबाबदारीसुद्धा भाडेकरूवर टाकली आहे. म्हणजे जाळीपर्यंत विचार झाला. जाळीतून आत आलेल्यांचे काय करायचे, तिथे हाही कायदा गप्प आहे.

मालक परस्पर फवारणी करून घेऊ शकतो का?

घर मालकाचे असले तरी करार चालू असेपर्यंत ते राहणाऱ्याच्या वापरात असते. राज्याच्या कायद्यातील कलम २८ मालकाला पाहणीचा अधिकार देते. पण पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. ही तरतूद लायसन्सवर दिलेल्या घरांनाही लागू आहे. आदर्श कायद्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना, येण्याचे कारण आणि वेळ, शिवाय सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, अशा अटी आहेत. महाराष्ट्रात हा २४ तासांचा नियम बंधनकारक नसला, तरी ‘वाजवी’ म्हणजे काय याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

शिवाय पाहणी वेगळी आणि फवारणी वेगळी. नळ गळतो का हे बघायला येणे आणि कुणी राहत असलेल्या घरात विषारी द्रव्य मारून जाणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. ‘किल्ली माझ्याकडे होती’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. कीटकांनी घर खाल्ले जात असेल आणि भाडेकरू दाद देत नसेल, तर मालकाने लेखी सूचना द्यावी, दोन-तीन तारखांचे पर्याय द्यावेत. तरीही नकार मिळाला, तर ते करारभंगाचे कारण म्हणून नोंदवता येईल. हा रस्ता लांबचा वाटतो, पण मालकाच्याच हिताचा आहे.

प्राणी पाळला म्हणून हक्क कमी होतात का?

सोसायटी प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, ही भारतीय पशुकल्याण मंडळाची भूमिका २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये निवासी संघटनांच्या अशा बंदीच्या अटी बेकायदा ठरवल्या. मात्र घर देताना मालकाने करारात घातलेली अट ही वेगळी गोष्ट. तिथे सही करून नंतर गुपचूप मांजर आणणाऱ्याची बाजू पेस्ट कंट्रोलच्या वादातही लंगडी पडते, कारण घरात प्राणी आहे हे मालकाला ठाऊकच नव्हते असे तो म्हणू शकतो. प्राणी असेल तर तो कोणता आणि किती, हे करारात यायलाच हवे. दलाल ‘कशाला लिहायचे, चालतंय’ म्हणतो. त्याचे ऐकू नये.

औषधाचे नाव विचारणे एवढे महत्त्वाचे का?

कारण एकच औषध कुत्र्याला सोसते आणि मांजराला मारते. शहरांत झुरळे, डास, ढेकूण यांसाठी मारल्या जाणाऱ्या द्रावणांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही नावे वारंवार आढळतात. हा पायरेथ्रॉइड गट. माणसाचे आणि कुत्र्याचे यकृत ही द्रव्ये बऱ्यापैकी वेगाने निकामी करते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी एक महत्त्वाची प्रक्रिया फारच दुबळी असते, त्यामुळे विष शरीरात साचून राहते. थरथर, लाळ गळणे, तोल जाणे आणि मग झटके, असा क्रम दिसतो. याच गटातले परमेथ्रिन मांजरांसाठी विशेष घातक आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यामुळे होणारी विषबाधा पशुवैद्यकांना चांगलीच परिचित आहे. भर म्हणजे मांजर सतत अंग चाटते. ओल्या फरशीवरून चालले की पंजाला लागलेले द्रावण पोटात जायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

माशांच्या बाबतीत पायरेथ्रॉइड्स याहून जहाल आहेत. टाकी झाकली तरी हवेचा पंप चालू राहिला, तर खोलीतली हवा थेट पाण्यात ओढली जाते. पक्ष्यांची श्वसनसंस्था अतिशय संवेदनशील असते. पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवून भागत नाही, घराबाहेरच न्यावा लागतो. ससा पाळणाऱ्यांनी फिप्रोनिल हे नाव लक्षात ठेवावे. झुरळांच्या जेलमध्ये आणि कुत्र्या-मांजरांच्या गोचीडनाशकांत ते सर्रास वापरले जाते, पण सशाच्या अंगावर ते लावू नये, असेच पशुवैद्यक सांगतात.

उंदरांच्या विषाची कथा वेगळीच आहे, कारण ते लगेच दिसत नाही. ब्रोमाडायलोनच्या वड्या रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. कुत्र्याने वडी खाल्ली किंवा मांजराने विष खाल्लेला उंदीर खाल्ला, तरी पहिले दोन-तीन दिवस सारे ठीक वाटते. नंतर हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून वा लघवीतून रक्त येते. यावर ‘व्हिटॅमिन के-१’ हा उतारा आहे, आणि वेळेत नाव कळले तर प्राणी वाचतो. झिंक फॉस्फाइडवर मात्र नेमका उतारा नाही. पोटातील आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू तयार होतो. एकाच ‘उंदराच्या औषधा’च्या या दोन तऱ्हा. डॉक्टरला ‘काहीतरी गुलाबी वडी होती’ एवढेच सांगता आले, तर उपचाराचे मौल्यवान तास अंदाज बांधण्यात जातात.

कंपनीच्या माणसाला औषधाचे नाव विचारले, की हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘हर्बल आहे साहेब, वासही नाही.’ वास नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. आणि हर्बल म्हणाल, तर पायरेथ्रॉइड्सचा मूळपुरुष असलेले पायरेथ्रम शेवंतीच्याच कुळातील फुलांतून येते. टी-ट्रीसारखी सुगंधी तेलेही मांजराला बाधतात.

डब्यावरील रंगाची खूण बघावी का? बघावीच. प्रत्येक नोंदणीकृत कीटकनाशकाच्या लेबलवर हिऱ्याच्या आकाराचा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत सौम्य. पण ही वर्गवारी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरील चाचण्यांवरून, मुख्यतः माणसाला असलेला धोका समजावा म्हणून केलेली आहे. तुमच्या मांजराचा किंवा गप्पी माशाचा विचार त्या रंगात नाही. निळे किंवा हिरवे लेबल पाहून निर्धास्त होणे म्हणून धोक्याचे.

फवारणी करणारा कोण असावा?

शहरातल्या झुरळांसाठी परवाना देते राज्याचे कृषी खाते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी परवाना लागतो. त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण आवश्यक आहे. दुचाकीला पंप अडकवून येणाऱ्या मुलाकडे ही पदवी असेलच असे नाही. पण त्याला पाठवणाऱ्या कंपनीकडे परवाना हवा आणि तो दाखवायला सांगण्यात संकोच नको. डायक्लोरव्हॉस हे एकेकाळी घरोघरी मारले जाणारे द्रव्य ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणी जुना डबा घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

यात हयगय झाली तर काय होते, हे पुण्याने २०२० च्या फेब्रुवारीत पाहिले. बिबवेवाडीत पेस्ट कंट्रोल केलेल्या घरात परतलेल्या दाम्पत्याचा मृत्यू झाला होता. ढेकणांसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवणारे ‘स्वस्तातले’ लोक आजही भेटतात. त्या गोळ्या धान्याच्या गोदामांसाठी आहेत आणि त्यांच्या विक्री-वापरावर कडक निर्बंध आहेत. राहत्या घरात, विशेषतः सामाईक भिंतींच्या इमारतीत, त्यांना जागा नाही. फॉस्फिन वायू शेजारच्या घरातही शिरतो.

प्राण्याला विषबाधा झालीच तर?

आधी पशुवैद्यक, मग पोलीस किंवा वकील. अंगावर द्रावण लागले असेल तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावे. झटके येत असतील तर तेही न करता थेट दवाखाना गाठावा. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय टाळावा. डब्याचा फोटो, कंपनीचे बिल, मालकाचे निरोप, हे जमेल तसे गोळा करावे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याच परिसरातील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ही जुनी ठिकाणे आहेत. प्राणी दगावला तर दुःखात घाईने पुरून टाकले जाते आणि पुरावाही जातो. शवविच्छेदनाचा अहवाल नसेल, तर फवारणीमुळेच मृत्यू झाला हे पुढे सांगणे जवळपास अशक्य होते.

गुन्हा नोंदवता येतो का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणे, विष देणे, अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू, किंवा तसे होण्याची शक्यता आहे याची जाणीव होती, हे दाखवावे लागते. विषारी पदार्थाच्या निष्काळजी वापराबाबतचे कलम २८६ माणसाच्या जिवाला वा आरोग्याला असलेल्या धोक्यापुरते आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला अपायकारक पदार्थ जाणूनबुजून देणे हा गुन्हा आहे खरा. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचा हा आकडा तसाच आहे, आणि त्यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

इथेच पूर्वसूचनेचे महत्त्व कळते. ‘घरात मांजर आहे, कोणते औषध मारणार ते आधी कळवा’ असा एक लेखी निरोप गेलेला असेल, तर ‘मला कल्पनाच नव्हती’ हा बचाव उरत नाही.

नुकसानभरपाईसाठी अधिक वापरात येण्याजोगा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे, आणि तोही मालकाविरुद्ध नव्हे तर पेस्ट कंट्रोल कंपनीविरुद्ध. पैसे मालकाने दिले असले तरी त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा हादेखील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक ठरतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेचे मूल्य पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अर्थात बिल हवे. रोखीत, बिलाशिवाय दोनशे रुपये वाचवलेल्या फवारणीबद्दल दाद मागायची कुणाकडे?

अनामतीतून पैसे कापले तर?

घर सोडताना ‘पेस्ट कंट्रोलचे इतके, रंगाचे तितके’ म्हणून अनामत रक्कम कापली जाते. करारात तशी अट असेल, तर मालकाने बिल दाखवून कापणे योग्य. अट नसेल, तर त्याला तुमच्यामुळे नुकसान झाले हे दाखवावे लागेल. गोचिडांच्या बाबतीत ते जमेल, वाळवीच्या बाबतीत जमणार नाही. पण अनामत मिळेपर्यंत घरच सोडत नाही, हा पवित्रा भाडेकरूने घेऊ नये. कराराची मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्या लायसन्सीला कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. तीन हजारांच्या फवारणीसाठी महिन्याला दुप्पट भाडे हा सौदा कुणालाच परवडणारा नाही. ताबा लेखी द्यावा, रिकाम्या घराचे व्हिडिओ काढावेत आणि पैशांची मागणी नोटिशीने करावी.

दुसऱ्या बाजूला, नोंदणी न केलेल्या करारावर घर देणाऱ्या मालकाची बाजू कमकुवत असते. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. तसा नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते.

करारात काय लिहून घ्यावे?

सध्याच्या छापील नमुन्यावर विसंबून न राहता इतर अटींमध्ये साधारण असे लिहिता येईल : ‘ताबा देण्यापूर्वी घरमालक स्वखर्चाने कीटक नियंत्रण करून त्याची पावती देईल. वाळवीचा व इमारतीतून येणाऱ्या उपद्रवाचा खर्च घरमालकाचा, घरातील वापरामुळे होणाऱ्या उपद्रवाचा खर्च राहणाऱ्याचा. घरात एक मांजर आहे हे घरमालकास मान्य आहे. कोणतीही फवारणी करण्यापूर्वी किमान तीन दिवस आधी औषधाचे नाव, कंपनीचे नाव व वेळ लेखी कळवली जाईल. राहणारा त्या काळात प्राण्याची सोय अन्यत्र करील आणि विनाकारण नकार देणार नाही. घर सोडताना प्राण्यामुळे आवश्यक ठरणारा उपचार राहणारा स्वखर्चाने करील.’

मांजराच्या जागी कुत्रा, ससा किंवा पोपट लिहावा. मुद्रांक शुल्क भाडे, अनामत आणि मुदत यांवर ठरते. या ओळींनी ते एका रुपयानेही वाढत नाही.